जमनामावशीची मऊ अंडी

जमनामावशीनं मला जितकं छळलं तितकं माझ्या खात्यानंसुद्धा छळलं नाही, आणि खात्यानं काही कसर ठेवली होती अशातला भाग नाही. आजही दुकानात अंडी घेताना मी एकेक उचलून नखानं टकटक करून बघतो. दुकानदार वैतागतो. वैतागेल नाहीतर काय करेल बिचारा! पण ही खोड त्या बाईनं लावली, आता जाता जात नाही.

गोष्ट ऐंशीच्या सुमाराची. मी मूळचा कऱ्हाडकडचा. बोईसरजवळच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यात स्टॉकमन म्हणून लागलो होतो. स्टॉकमन म्हणजे डॉक्टरच्या हाताखालचा माणूस. लसी टोचायच्या, जखमा धुवायच्या, आणि डॉक्टरसाहेब मीटिंगला गेले की लोकांच्या शिव्या खायच्या. बोईसरात तेव्हा खोली मिळणं महाकठीण. एकेका खोलीत आठ-आठ कामगार, पाळीपाळीनं झोपणारे. कुणीतरी सांगितलं, कुंभवलीत एक बाई पडवीतली खोली देते, पण माणूस पारखून घेते. गेलो. ती अंगणात उकिडवी बसून सुके बोंबील निवडत होती. वर न बघताच म्हणाली, "कंपनीतला दिसत नाय तू. हात साफ हायत."

मी म्हणालो, "मी जनावरांच्या दवाखान्यात असतो."

"म्हंजे माणसांचा डाक्टर होता आलं नाय."

"मी डॉक्टर नाही, मावशी. स्टॉकमन आहे."

"म्हंजे जनावरांचा पन होता आलं नाय."

तिथूनच मागं फिरायला हवं होतं. पण अंगावर दोन दिवसांचे कपडे आणि हातात ट्रंक. मी गप्प बसलो, तो माझा होकार धरला गेला. "दारू नाय, पत्ते नाय, आनि माज्या कोंबड्यांना हात लावायचा नाय," एवढं बोलून तिनं बोंबलाची पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराला निघून गेली. दार उघडंच. मला घर दाखवायला कुणी नाही.

मावशी जातीची मासेवाली, माहेर समुद्रकाठचं. नवऱ्यानं होडी सोडून कारखान्यात नोकरी धरली, कुंभवलीत घर बांधलं, आणि घराला रंग देण्याआधीच तो गेला. हिनं पुन्हा मासळी धरली. किनाऱ्यावरून सुकी मासळी आणायची आणि बोईसरच्या बाजारात दिवसभर बसून विकायची. पन्नाशी उलटली होती, पण चालायची अशी भराभर, की तिच्याबरोबर चालताना मला धावावं लागायचं. बोलायची ती ओरडूनच. समुद्रावरच्या माणसांना वाऱ्यात बोलायची सवय असते म्हणतात. पण कुंभवलीत कुठला आलाय वारा? तिथं कारखान्याचा भोंगा, आणि ही. सकाळी आधी कोण ओरडतं एवढाच प्रश्न.

तिच्याकडे नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. प्रत्येक कोंबडीला नाव. आणि नाव कुणाचं? जिच्याशी मावशीचं भांडण झालं असेल त्या बाईचं! "शेवंते, मेले, किती खाशील!" असं ती अंगणात ओरडली की पलीकडच्या घरातली खरी शेवंती धाडकन खिडकी लावून घ्यायची. मी एकदा म्हणालो, "मावशी, कशाला उगाच?" तर म्हणाली, "मी कोंबडीशी बोलते. तिनं आपल्याला लावून घेतलं तर तिच्या मनातच काय तरी हाय."

आता लसीचा किस्सा सांगतो, म्हणजे बाई काय चीज होती ते कळेल. राणीखेत म्हणून कोंबड्यांचा एक रोग असतो, आला की वाडीच्या वाडी साफ. आम्ही गावोगाव लस टोचत हिंडायचो. कुंभवलीत शिबिर ठेवलं, घरोघर गेलो, मावशीच्या दारातही साहेबांबरोबर उभा राहिलो. मावशी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "माज्याकडे कोंबडी नाय." मागं मासळीचं मोठं टोपलं उपडं घातलेलं, आणि टोपलं आतून कुरकुरतंय! ते कुरकुरलं की ही खोकायची. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी साहेबांदेखत ओरडलो, "मावशी, मी याच घरात राहतो! रोज सकाळी तुमची शेवंती माझ्या चपलेवर घाण करते!"

"ती शेवंती नाय, ती रखमा," मावशी म्हणाली.

साहेब हसत पुढं गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी, मी दाढी करत असताना, ही दोन्ही काखांत दोन कोंबड्या घेऊन हजर. "टोच आता." मी म्हणालो, अहो, ती लस एकदा उघडली की दोन तासांत संपवावी लागते, कालची केव्हाच फेकून दिली. "मग नवीन उघड," ती म्हणाली. "काल सगली लोकं बघत होती. माज्या कोंबड्यांना सुई लागते असं लोकांना दिसायला नको." दहा पाखरांसाठी शंभरांची कुपी उघडली म्हणून मला साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला. तो कागद अजून माझ्या फायलीत असेल.

पण एक कबूल करायला हवं. कोंबड्या ठेवाव्यात तर त्या बाईनं. खुराड्यात कधी ओल नाही, कोपऱ्यात रोज ताजी राख. कालवांची शिंपं आणून ती स्वतः पाट्यावर कुटायची, चाळणीनं चाळायची, बारीक भुकटी टाकून द्यायची आणि रव्याएवढी जाडसर कोंबड्यांना घालायची, अंड्याचं कवच धरावं म्हणून. पुस्तकात हेच लिहिलेलं असतं. मला ते पाठ करून परीक्षा द्यावी लागली होती आणि ही ते न शिकता करत होती, याचाही मला थोडा रागच यायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिची मुलगी सुलू माहेरी आली. सुलूला केळव्याला दिली होती, जावई होडीवर. सुलूला चौथा महिना होता, आणि त्याआधीची दोन पोटं पाचव्या-सहाव्यात गेली होती. माहेरी बाळंतपणाला येतात ते सातव्यात. मावशीनं चौथ्यातच उचलून आणली. "हे मी जाऊ देनार नाय," एवढंच तिनं मला सांगितलं, जणू काही मीच घेऊन जाणार होतो. त्या दिवसापासून तिचं बाजारात बसणं बंद. नणंदेला बसवलं आणि स्वतः सुलूभोवती पहारा धरला. पण रिकामं बसेल ती मावशी कुठली! घरबसल्या काम म्हणून तिनं मासळी खारवायला घेतली. सुरमई, मुशी, बांगडे मिठात घालून पिंपात ठेवायचे, चारपाच दिवसांनी अंगणातल्या दगडी डोणीत खंगाळायचे आणि दोरीवर वाळत टाकायचे. माझ्या खिडकीसमोर. माझे शर्ट त्याच दोरीवर. दवाखान्यात म्हशीसुद्धा माझ्याकडे वळून बघायच्या.

आणि सुलूला रोज एक अंडं. गावठी, ताजं, अर्धं उकडलेलं. ती नको म्हणाली तरी मावशी समोर बसून गिळायला लावायची.

संक्रांतीच्या आसपास एका सकाळी मावशी माझ्या दारात येऊन उभी राहिली. हात पुढं केला. तळहातावर अंडं होतं, पण त्याला कवच नव्हतं. नुसता पांढरा पापुद्रा, आत सगळं डुचमळतंय. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा. मावशीचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा खाली आलेला ऐकला. "हे सुलूला दाखवायचं नाय," ती म्हणाली.

तिच्या मनात काय आलं होतं हे मला त्या वेळी कळलं नाही. मी गाढव. नंतर कळलं ते इथंच सांगून टाकतो: जे कोंबडीला धरत नाही ते पोरीलाही धरणार नाही, असं तिनं घेतलं होतं. घराला काहीतरी लागलंय. हातातल्या त्या मऊ पिशवीत ती सुलूचं पोट बघत होती. आणि मी काय केलं? मी घसा साफ करून तिला कॅल्शियमवर भाषण दिलं.

ऐकून घेईल तर शपथ! रोज नवं कारण. आधी कंपनीचा धूर. मग भोंगा, त्यानं म्हणे कोंबडी दचकते आणि अंडं कवच घालायच्या आधीच सुटतं. मग माझा रेडिओ. रेडिओ बंद केला. मग माझी पँट! "तुजी ओली पँट खुराड्याच्या वरती लटकते. पुरुषाचं कापड असं वरून लटकलं की कोंबडी लाजते." मी म्हणालो, "आणि तो कोंबडा? तो काय बाई आहे?" त्यावर ती म्हणाली की तो घरचा आहे. खुराड्याला लिंबू-मिरच्या बांधल्या. त्या कोंबड्यांनी खाल्ल्या. आणखी बांधल्या.

मी दवाखान्यातून गुरांना देतात ती खनिज पावडर आणली. पिवळा डबा, वर गाईचं चित्र. सांगितलं, रोज एक चमचा कोंड्यात मिसळा, आठ दिवसांत कवच धरेल. एक वही केली. किती अंडी, त्यात मऊ किती, रोज मावशीला विचारून लिहायचो. आठ दिवस गेले, पंधरा गेले. फरक शून्य. वहीतले आकडे तर असे चमत्कारिक, की एक दिवस चार मऊ, दुसऱ्या दिवशी एकही नाही, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच. माझ्या डोक्याचा भुगा झाला. साहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, बाई खोटं सांगत असेल. म्हटलं, ते तर आहेच, पण दोन्ही बाजूंनी कशी खोटं सांगेल?

उत्तर सुलूनं दिलं. एकदा मी भल्या सकाळी तोंड धुवायला बाहेर आलो, तर ही पोरगी पोट सांभाळत केळीच्या बुंध्याशी बसून उलथन्यानं माती उकरते आहे. शेजारी दोन मऊ अंडी. मला बघून दचकली. "दादा, आयला सांगू नका," म्हणाली. "ती धसका घेईल. ती उठायच्या आधी मी पुरून टाकते."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. आय मला काय दाखवत नाय, पन ती माज्यासमोर गप बसते ना, तवाच कळतं."

म्हणजे आई लेकीपासून लपवते, लेक आईपासून लपवते, दोघी आळीपाळीनं खुराडं साफ करतात, आणि मी मूर्ख मधल्यामध्ये वही घेऊन शास्त्र करतोय! दोघींची शपथ माझ्याच गळ्यात. त्या दिवशी ती वही मी बंबात घातली.

तरी पावडरीचं काय? चमचा रोज रिकामा होत होता, डबा अर्ध्यावर आला होता. मग कोंबड्यांना लागू का पडत नाही? त्याचंही उत्तर मिळालं. एका दुपारी ताप आला म्हणून मी दवाखान्यातून लवकर आलो. स्वयंपाकघराच्या दारातून बघतो, तर मावशी चुलीपुढं बसून सुलूच्या पेजेत माझी पावडर ढवळते आहे. दोन चमचे. सपाट नव्हे, शीग लावून.

ताप कुठल्या कुठं पळाला. मी असा ओरडलो, की शेवंतीनं, खऱ्या शेवंतीनं, खिडकी उघडली. "मावशी! अहो ते जनावरांचं आहे! डब्यावर गाईचं चित्र आहे, गाईचं!"

"गाय पन आईच असते," मावशी म्हणाली. ढवळणं थांबलं नाही.

"तुम्हाला काही अक्कल? पोटुशी पोर ती! काही झालं म्हणजे?"

तेव्हा तिनं पळी खाली ठेवली. "तूच बोललास, या पावडरनं कवच धरतं. म्हंजे कोंबडीचं धरतं आनि माज्या पोरीचं धरत नाय, असं नाय होनार. दोन वेळा मी हातात घेतलंय, डाक्टर. माज्या या हातात. असंच होतं, मऊ. बोटं होती, नखं होती. आनि आता रोज सकाळी उठून मी तेच हातात घेते." मग तिनं पदर तोंडावर घेतला, आणि तशीच, पदराआडून, अजिबात आवाज न चढवता म्हणाली, "तुज्या पुस्तकात असेल नसेल ते सगलं मी तिला देनार."

मी पेजेचं पातेलं उचलून बाहेर ओतलं. मला वाईट वाटलं, फार वाटलं. पण तिचा राग इतका आला होता, की ते वाईट वाटणंही मला धड जमेना. पातेलं आपटलं, पुन्हा उचलून जागेवर ठेवलं, आणि दोघींना रिक्षात घालून बोईसरला एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. डबा बरोबर. बाईंनी डबा वाचला, सुलूला तपासलं, पोटाला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मावशी भिंतीला चिकटून उभी. बाई म्हणाल्या, बाळाचे ठोके छान आहेत, काही बिघडलेलं नाही, पण हे पुन्हा द्यायचं नाही. आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. माणसांच्या.

परतताना मी रिक्षात दहा वेळा बजावलं: गोळी सुलूला, पावडर कोंबडीला. गोळी सुलूला, पावडर कोंबडीला. मावशीनं मान हलवली. चार दिवसांनी बघतो, तर पाट्यावर गोळ्या कुटणं चालू. डॉक्टरीणबाईनं दिलेली गोळी चांगलीच असणार, म्हणून एक सुलूला आणि एक कोंबड्यांना, अशी तिनं समान वाटणी केली होती. मी हात टेकले.

आणि अंडी? मऊच.

आता माझी फजिती ऐका, ती लपवण्यात अर्थ नाही. होळीच्या आधीची सकाळ. नळाला पाणी नव्हतं. मी तोंडाला दंतमंजन लावून बसलेलो, चूळ भरायला काही नाही. समोर दगडी डोणी भरलेली. तांब्या बुडवला, चूळ भरली, आणि थूः! डोळ्यांत पाणी आलं. खारट म्हणजे किती खारट!

मावशी आतून धावत आली. "अरे, ते खाऱ्या मासळीचं पानी! ते तोंडात घेतात व्हय! पंधरा-पंधरा दिवस बदलत नाय मी ते!"

मी तसाच, दाढीला दंतमंजन, हातात तांब्या. डोणीच्या काठावर रखमा उभी होती. तिनं माशाचा एक तुकडा टिपला, मग चोच बुडवली, मान वर केली, गिळलं. पुन्हा बुडवली. तिच्या शेजारी शेवंती. तिच्या शेजारी आणखी दोघी. रोज बघत होतो मी हे! तीन महिने त्याच डोणीशेजारी पाय धुतले. कोंबड्यांची विष्ठा पातळ, सारख्या पाणी पिताहेत, हे सगळं डोळ्यांदेखत. पाण्यात मीठ फार झालं की कवच धरत नाही, हे त्याच पुस्तकात, त्याच पानावर, कॅल्शियमच्या खाली दोन ओळींत लिहिलेलं असतं. पण मी वरची ओळ वाचून थांबलो होतो. शिंपं तर ती माझ्याहून चांगली घालत होती. कमी काहीच नव्हतं, जास्त होतं.

"मावशी," मी म्हणालो, "हे पाणी कोंबड्या पितात."

"मग पिनारच. त्यांच्या अंगनातली डोनी हाय."

"अहो, यानंच अंडी मऊ होतात! धूर नाही, भोंगा नाही, माझी पँट नाही. हे तुमचं खारं पाणी!"

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की तिनं सगळं मागं मोजत नेलं. मासळी खारवायला कधी घेतली, का घेतली, कुणासाठी घरी बसली. मग एकदम उखडली. "म्हंजे मी केलं. माज्या पोरीसाठी घरी बसले, ते मीच केलं." आणि आत गेली. मला वाटलं आता रडेल. रडली नाही, भांडी आपटायला लागली. मी बाहेरून ओरडत होतो, की अहो कोंबडीचं आणि सुलूचं काही नातं नाही, हे नुसतं मीठ आहे, मीठ! पण आत पातेली वाजत होती, तिला काय ऐकू जाणार?

डोणी हलवायला ती तयार नव्हती. नवऱ्यानं बैलगाडीतून आणलेली. मी फळी टाकून झाकली. तिनं फळी काढली, म्हणे पाखरं तहानेनं मरतील. मी मातीच्या दोन परळांत गोडं पाणी ठेवलं. तिनं ते तुळशीला घातलं. असा आठवडा गेला. शेवटी सुलूच उठली, आईसमोर डोणीतलं पाणी तांब्या-तांब्यानं उपसायला लागली आणि म्हणाली, "आय, मला सगलं माहीत हाय. मी पन पुरत होते." मावशी जागच्या जागी बसली. मग उठली, लेकीच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि डोणी स्वतः उपडी केली. मासळी खारवणं त्या दिवशी संपलं.

पुढच्या तीन आठवड्यांत एकेक कोंबडी ताळ्यावर आली. रखमा तेवढी शेवटपर्यंत आली नाही. मऊ घालणाऱ्यांपैकी एकीचं पहिलं कडक अंडं मिळालं त्या दिवशी मावशी ते घेऊन अख्ख्या आळीत हिंडली. नखानं टकटक वाजवून प्रत्येकाला ऐकवलं. शेवंतीच्या खिडकीशी तर दोनदा. आणि माझ्या दारात येऊन काय म्हणावं? "बघ. लिंबू-मिरच्या लागल्या शेवटी."

मी दार लावून घेतलं.

उन्हाळ्यात माझी बदली झाली, कऱ्हाडजवळ, मागून घेतलेली. निघायचा दिवस ठरला, ट्रंक बांधली, दुपारची गाडी. आणि त्याच सकाळी सुलूच्या पोटात कळा सुरू झाल्या. आता यात कुणाचा दोष नाही, पण मला तेव्हा वाटलं की हेही मावशीनंच ठरवून केलं. मी ट्रंकेसकट रिक्षात. मावशी वाटभर रिक्षावाल्याच्या कानात ओरडत होती, "भैया, गड्डे में मत डाल!" तो शेवटी म्हणाला, "माताजी, रोड ही गड्डा है, कहाँ डालूँ?" दवाखान्यात पोचल्यावर मी म्हणालो, मावशी, आता मी स्टेशनला जातो. "बस," ती म्हणाली आणि बाकड्याकडे बोट केलं. बसलो. तास झाला, दोन झाले. मी घड्याळ बघत होतो आणि मनातल्या मनात तिला शिव्या देत होतो. ती दाराकडे तोंड करून उभी. पाण्याचा घोट नाही, शब्द नाही. गप्प मावशी मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ती ओरडावी असं मला वाटायला लागलं.

मग आतून रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत. नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, मुलगी आहे, दोघी ठीक आहेत, आणि गुंडाळलेलं बाळ मावशीच्या हातात दिलं.

मावशी बाळ घेऊन माझ्याजवळ बाकड्यावर बसली. तिनं कापड बाजूला केलं. बोटं मोजली, नखं बघितली, कान उलटून बघितले. मग तिचा हात डोक्यावर गेला आणि टाळूवर थांबला. तिथं तिनं एक बोट ठेवलं, अगदी हलकं.

"इथं मऊ लागतंय," ती म्हणाली.

अर्ध्या कुंभवलीतल्या पोरांची टाळू या बाईनं तेल घालून भरली होती. मी सवयीनं तोंड उघडलं, की अहो मावशी, तुम्हाला हे मी सांगायचं? पण तिनं माझ्याकडे बघितलं. दीड वर्षात तिनं मला फक्त सांगितलं होतं, विचारलं कधी काही नव्हतं.

"हे असं असतं ना रे?" तिनं विचारलं. "सगल्यांचंच असतं?"

"असतं, मावशी," मी म्हणालो. "सगळ्यांचंच असतं. भरून येतं."

"खरं बोलतोस?"

"खरं बोलतो."

तेव्हा कुठं तिनं बोट काढलं. बाळाचं डोकं पदरानं झाकलं, नाक पुसलं आणि नेहमीच्या आवाजात, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "मग बसलायस कशाला? जा, गाडी चुकल तुजी!"

गाडी जाऊन तास होऊन गेला होता. ट्रंक उचलली आणि निघालो.